आखाजीपर्यंत थांबू का?

तापीकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या भिंतीला भिंत लागून एक घर आहे. घरात आजी, दहा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. मुलांचे आई-वडील दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात, ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास परततात. आजीला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. मुलं कधी जेवतात, कधी चहा-बिस्किटावर निजतात. धाकटा रोज शाळेत जातोच असं नाही. या घराला आधार म्हणजे मुलांच्या वडिलांचे चुलतकाका. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांचं किराणा दुकान आहे. ते या घराला उधारी देतात, आजीच्या गोळ्या आणतात, कानबाईच्या उत्सवात पुढे असतात. शाळा सुटली की मुलीला ‘दुकानात हाताखाली’ म्हणून बोलावून घेतात.

दोन महिन्यांपासून मुलगी खेळायला येईनाशी झाली आहे. केसांत नवी क्लिप, मुठीत चॉकलेट, आणि कुणी दिलं विचारलं की गप्प. रात्री अंथरूण ओलं होतं म्हणून आजी ओरडते. मागच्या आठवड्यात ती दारात येऊन म्हणाली, “काकू, मी आज तुमच्याकडे झोपू?” आणि थोड्या वेळानं, “माले तठे जानं नही.” का, ते तिनं सांगितलं नाही.

ताई विचारतात : “खात्री नसताना एवढा मोठा आळ कसा घेऊ? भाऊबंदकी आमचीच. मिस्टर म्हणतात, ‘आपले काय करनं शे?’ खोटं निघालं तर गावात तोंड दाखवता येणार नाही, आणि खरं निघालं तर पोरीचं नाव खराब होईल. आधी नानांनाच एकदा विचारून बघू का? की आखाजीला आई-वडील येईपर्यंत थांबू?”

(मुलांची वयं, नातं, गाव, व्यवसाय यांतलं बरंच बदललेलं आहे. हे वाचून कुणी आपल्या गावात ते घर शोधत बसू नये.)

ताई,

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा आखाजीला अडीच महिने बाकी होते. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते पत्र नव्हतं. खाली तुमचा नंबर होता, म्हणून त्याच संध्याकाळी मी फोन केला. पहिलाच प्रश्न विचारला, ती झोपायला येऊ का म्हणाली तेव्हा तुम्ही काय केलंत? तुम्ही म्हणालात, “गोधडी टाकून दिली हो. अजून काय करणार?” मला तेवढ्यानं फार बरं वाटलं. त्या रात्री नऊच्या सुमारास तुम्ही १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरावर, फोन लावलात. तुम्ही लावला नसता तर मला लावावा लागला असता, हेही मी तुम्हाला सांगून ठेवलं होतं. पत्र वाचल्यावर मीही ‘माहिती असलेली व्यक्ती’ झाले, आणि कायदा सदर लिहिणाऱ्या बाईला सूट देत नाही.

पुढे काय झालं ते इथे येणार नाही. ते त्या मुलीचं आहे. पण फोनवर आपण घाईत बोललो. तुमच्या मनातले काटे तसेच राहिले असतील, आणि असे काटे घेऊन बसलेल्या तुम्ही एकट्या नाही. म्हणून आता सावकाश लिहिते.

तुमच्या पत्रात ‘खात्री’ हा शब्द पाच वेळा आला आहे. मी मोजला. खात्री करणं हे आपलं काम आहे, असं तुम्ही कधी ठरवलंत? शेजारच्या शेतात धूर दिसला तर आपण आधी विस्तव हाताला लावून बघतो का? आपण हाळी देतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबाबतचा २०१२ चा पोक्सो कायदा तेच मागतो. त्याचं १९ वं कलम म्हणतं की अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असा गुन्हा घडल्याची माहिती असेल, किंवा घडेल अशी नुसती शंका असेल, तरी कुणीही ती पोलिसांना कळवायची आहे. पुरावा गोळा करणं, खरं-खोटं करणं ही पुढची कामं, आणि ती करायला माणसं नेमलेली आहेत. प्रामाणिकपणे कळवलेली शंका उद्या निराधार निघाली तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती मुद्दाम, सूड म्हणून खोटी तक्रार करणाऱ्याला, आणि माहीत असून गप्प बसणाऱ्यालाही : ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर १ वर्षापर्यंत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं. तिथे न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरांवर होता.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर हे सदर म्हणजे भोंगा होईल. अंथरूण ओलं होणं, खेळ बंद होणं, गप्प राहणं, यातल्या कशानंही काहीच सिद्ध होत नाही. आई सहा महिने नजरेआड गेली की पोरं अशी होतात. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. दिवाळीनंतर वर्गातले काही बाक निम्मे व्हायचे, आणि जी मुलं आजी-आजोबांपाशी मागे राहायची त्यांची पहिल्या महिन्यातली तोंडं मला अजून आठवतात. तेव्हा नुसतं अंथरूण असतं तर मी म्हटलं असतं, जवळ घ्या, आईशी रोज फोनवर बोलणं करून द्या आणि डॉक्टरांना दाखवा. पण इथे भेटवस्तू आहेत, त्यांच्याबद्दलचं मौन आहे, ठरलेली वेळ आणि ठरलेलं ठिकाण आहे, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे मुलीनं स्वतः उच्चारलेलं वाक्य आहे. दहा वर्षांची पोर ‘तिथे जायचं नाही’ म्हणून सांगायला शेजारी येते तेव्हा तिनं आधी मनात किती उंबरे मोजले असतील!

नाना चांगले आहेत, असं तुम्ही तीनदा लिहिलंत. असतीलही. नानांनी काही केलंय असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण ‘चांगला माणूस आहे’ ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच बसते, हे लक्षात घ्या. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्रास देणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. पोतं घेऊन येणारा अनोळखी माणूस आपण पोरांना भीती घालायला वापरतो. प्रत्यक्षात जो मुलाला जाळ्यात ओढतो तो आधी घराला जिंकतो. उधारी देतो, औषध आणतो, अडीअडचणीला धावतो. मग त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं म्हणजे घराच्या मिठावरच बोट ठेवायचं. ती क्लिप कुणी दिली हे सांगताना मुलगी अडखळते, त्यामागे हेही असू शकतं.

त्याच अभ्यासात असा त्रास सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या पत्रात धाकटा येतो तो फक्त उपाशी म्हणून किंवा शाळा बुडवतो म्हणून. त्याच्याकडेही बघा. तो दुकानात जातो का, कुणाबरोबर जातो, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

आधी नानांनाच विचारावं का? नको. हा एक मुद्दा सोडला तर बाकी सगळ्यात मी ‘बघा, तुमच्या गावचं तुम्हाला ठाऊक’ म्हणेन, इथे म्हणणार नाही. ते निर्दोष असतील तर तुम्ही त्यांचा उगीच अपमान केलात, आणि बभ्रा तुमच्याच ओट्यावरून झाला. नसतील तर सावध झालेला माणूस पहिल्यांदा मुलीला गाठतो. “काकूला काय सांगितलंस?” हा प्रश्न तिला तुमच्यामुळे ऐकावा लागेल, आणि मग ती पुन्हा कुणाजवळही बोलणार नाही. तसंच चार पंच बसवून, नारळावर हात ठेवून मिटवणं. भाऊबंदकीच्या बैठकीत बांधाचे आणि पाण्याच्या पाळीचे वाद मिटत असतील. हा गुन्हा तिथे मिटत नाही. मिटवणारे मात्र ‘माहीत असून न कळवणारे’ ठरतात.

आता पोरीचं नाव. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, मीही इथलीच. १९९४ साली जळगावचं ते मुलींच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी नोकरीत नवी होते. साऱ्या जिल्ह्याच्या तोंडी तोच विषय, आणि ज्यांच्यावर बेतलं होतं त्यांतल्या कितीतरी जणी बदनामीच्या धाकानं पुढेच आल्या नाहीत. त्या गप्प राहिल्या, त्यानं कुणाचं भलं झालं ते आपण पाहिलं. पण तेव्हा पोक्सो नव्हता. आज मुलीचं नाव, फोटो, शाळा, घर, ओळख पटेल असं काहीही छापणं-दाखवणं गुन्हा आहे. जबाब घ्यायला पोलीस तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे येतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. जबाबाच्या वेळी आई-बाप किंवा तिच्या भरवशाचं माणूस सोबत असतं, म्हणजे तुम्हीही असू शकता. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, तीही विश्वासाच्या माणसासमोर, आणि त्यासाठी आधी एफआयआर हवाच असं नाही.

कायद्यात लिहिलंय तसं प्रत्येक ठाण्यात घडतं का? नाही घडत. म्हणून या गोष्टी तुम्हाला पाठ हव्यात. “साहेब, गणवेश नको, बाई अधिकारी पाठवा,” असं म्हणता आलं पाहिजे. आणि गाव म्हटलं की कुजबुज होणारच. पण पोरीचं नाव खराब होतं ते ती बोलली म्हणून, की आपण सगळे तिच्याकडे तसं बघतो म्हणून? त्या बघणाऱ्यांत तुम्ही नसाल तर एक घर कमी झालं.

आखाजीचं म्हणाल तर तुमचं म्हणणं मला कळतं. जिचं लेकरू तिनं ठरवावं, आपण परकं माणूस. आखाजीला गाव भरतं, लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, तेव्हा निवांत सांगू. पण हे अडीच महिने त्या पोरीच्या बाजूनं मोजा. शाळा रोज सुटते.

आईला सांगायचंच आहे, आणि आखाजीच्या खूप आधी. फक्त कळवण्यासाठी तिच्या परवानगीची वाट बघायची नाही, एवढंच. बापाच्या आधी आईला फोन करा. बाप कोयता टाकून तडक गावात आला तर काय होईल ते सांगता येत नाही, उचल फिटायची असते, मुकादम मागे लागतो, आणि सगळा राग शेवटी पोरीवर किंवा आजीवर निघतो. आईला थोडक्यात, तिखटमीठ न लावता सांगा. “पोरगी असं म्हणाली. ती माझ्याकडे आहे, सुखरूप आहे. मी मदत मागितली आहे. तिला रागावू नको, काही खोदून विचारू नको, नुसतं म्हण की मी तुझ्या बाजूला आहे.” बस.

आता मुलीशी बोलण्याविषयी. इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. चौथीतला एक मुलगा एकाएकी मुका झाल्यासारखा झाला होता. मी त्याला ऑफिसात नेलं, समोर बसवलं आणि विचारलं, “तुला कुणी काही केलं का?” त्यानं मान हलवली, नाही म्हणून. मी ते उत्तर धरलं आणि हुश्श केलं. आज कळतं, मी प्रश्न असा विचारला होता की ‘नाही’ म्हणणं सोपं जावं. त्याला आणि मला, दोघांना. तो मुलगा पुढच्या वर्षी शाळा सोडून गेला.

म्हणून तुम्ही समोर बसवू नका. वांगी भाजताना, शेंगा फोडताना, वेणी घालताना, हात कामात आणि डोळे दुसरीकडे असताना पोरं बोलतात. तुकड्यातुकड्यानं बोलतात, आज एक शब्द, आठवड्यानं दुसरा. “मग?” आणि “अजून काही सांगायचंय?” एवढेच प्रश्न पुरे. “नानांनी हात लावला का?” असं उत्तर तोंडात घालून विचारू नका. त्यानं मूल गोंधळतं, आणि उद्या कोर्टात ‘काकूनं शिकवलं’ म्हणायला जागा मिळते. ती रडली तर तुम्ही रडू नका, आपल्या बोलण्यानं मोठं माणूस मोडतं असं वाटलं की पोर पुढचं गिळून टाकतं. कुणाला सांगणार नाही, अशी शपथ मागितली तर घेऊ नका. म्हणा, “ज्यांना मदत करता येते त्यांनाच सांगेन.” आणि हे जरूर म्हणा की तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही. चॉकलेट घेतलं म्हणूनही नाही.

ती जे बोलेल ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, तारीख-वेळ घालून, तिच्याच शब्दांत. ‘माले तठे जानं नही’ याचं ‘मला तिथे जायला आवडत नाही’ करू नका. त्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे पोरांचे अंगाचे शब्द घरचेच असतात, अहिराणीत, भिलीत, पावरीत. शाळेत आणि सरकारी माणसासमोर ते उच्चारायची लाज वाटते, मग पोर पुस्तकी मराठीत गुळमुळीत काहीतरी बोलतं आणि कागदावर तेच राहतं. पोक्सोत दुभाषा घेण्याची सोय आहे. ती आवर्जून मागा, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या वाचकांनी तर नक्कीच.

त्या मुलीचं दुकानात जाणं कुणाशी न भांडता बंद करता येतं. आजीला सांगा, “माय, पोरीला माझ्याकडे पाठव, मला कामाला हात हवा.” नानांनाही तेच कारण. दोन्ही भावंडं तुमच्याकडेच जेवली-झोपली तर उत्तम, आजीला सांगून. खोटं बोलण्याचा संकोच वाटत असेल तर तिला खरंच काम द्या, लसूण सोलायला बसवा.

राहिला तो विषय तुम्ही एका ओळीत उडवून लावलात : “खाण्यापिण्याचे हाल तर गरिबीच आहे, त्यात तक्रार कसली.” मला वाटतं, सगळं तिथूनच सुरू झालं. घरात धान्य असतं तर नानांच्या उधारीला एवढं वजन आलं नसतं. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये जाणूनबुजून मुलाची हेळसांड करण्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे, पण ती डोळ्यांनी अधू आजीसाठी किंवा पोटासाठी कोयता घेऊन गेलेल्या आईसाठी लिहिलेली नाही. त्यांच्याविरुद्ध तक्रार करायची नाहीये, त्यांच्यासाठी मदत मागायची आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय असते, मुलांची दोन वेळची जेवणं होतात. मुख्याध्यापकांना विचारा, आपल्या शाळेत का नाही? मुलांना आई-बापांनी सोबत नेलं तर शिक्षण हमी कार्ड देतात, त्यावर तिकडच्या शाळेत बसता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती आहे. बालसंगोपन योजनेत मूल घरातच ठेवून दरमहा मदत मिळू शकते. बसत असेल तर अर्ज त्यांच्याकडूनच होतो.

‘समितीकडे गेलं की पोरं उचलून नेतात’ ही गावोगावची समजूत. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं तोच कायदा सांगतो. घरात धोका असेल तर काही दिवस बाहेर ठेवतील, तेव्हाही आधी जवळचं सुरक्षित नातेवाईक कोण आहे ते बघतात. मामा, मावशी कोण आहेत ते तुम्हाला ठाऊक असेल. त्यांची नावं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

बाकी वाचकांसाठी, विशेषतः शिक्षक आणि अंगणवाडीच्या ताईंसाठी थोडंसं. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तक्रारपेटीही असते, बऱ्याचदा कुलूप गंजलेली आणि तीही मुख्याध्यापकांच्या खुर्चीसमोर. ती पेटी मुलींच्या मुतारीच्या वाटेवर हलवा, एवढं एक काम या आठवड्यात करा. समितीतली माणसं त्याच भाऊबंदकीतली असतील तर त्यांच्या तोंडाकडे बघत बसू नका, सरळ १०९८ लावा. तो नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. १९९६ ला मुंबईत सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून सरकारच चालवतं आणि ती ११२ शी जोडलेली आहे. मूल आत्ता, या क्षणी धोक्यात असेल तर ११२. एकदा फोन करून कुणी आलं नाही तर दुसऱ्यांदा करा, तिसऱ्यांदा करा, आणि प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवा.

मिस्टरांचं राहिलंच. ‘आपले काय करनं शे’ असं ते म्हणाले, पण गोधडी टाकली त्या रात्री त्यांनी स्वतःची खाट ओट्यावर नेली, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. त्यांच्याशी वाद घालू नका. पुढच्या वेळी अधिकारी आले की त्यांनाच चहा करायला सांगा.

आणि आईला फोन लावाल तो दुपारी दोनच्या सुमारास लावा. पहाटे तोड असते, रात्री गाडी भरायची असते, आजूबाजूला टोळीतली दहा माणसं असतात. दुपारी भाकरीच्या वेळी ती जरा बाजूला जाऊन बोलू शकेल. पहिल्यांदा मुलीला फोनवर द्या, मग तुम्ही बोला.